ब्रेकवरचा पाय

“तुझा पाय सारखा ब्रेकवर असतो, म्हणून चाकाला जळका वास येतो.” हे नवऱ्याने मला वर्षभर ऐकवलं, माझ्या भावजयीसमोरसुद्धा. शेवटी मी गाडी चालवणंच सोडलं.

तरी वास जाईना, म्हणून काल मीच गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने चाक काढून ब्रेक आवळणारा गंजलेला कॅलिपर हातात दिला. “हा जाम झालाय, ताई. पाय उचलला तरी ब्रेक सुटत नव्हता. तुमचा काय दोष?”

नवा बसवून घेतला. जुना आणून आज नवऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी आपटला.

त्याने तो उलटसुलट करून पाहिला. “बघ! सारखा पाय ठेवून ठेवून जाम केलास ना?”

मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली. “उद्यापासून ऑफिसला एसटीने जा. पाय कुठे ठेवायचा ते ड्रायव्हरला शिकव.”