दुसरा डबा

"मोठा डबा द्या," मी मेडिकलवाल्याला म्हटलं. प्रोटीन पावडरचा लहान डबा चारशे ऐंशीचा, महिनाभर पुरणारा. मोठा आठशेचा, दोन महिन्यांचा. यात विचार तो काय करायचा?

हे यांनीच तर शिकवलं. तेल असो नाहीतर साबण, दुकानात उभ्याउभ्या किलोचा भाव काढल्याशिवाय यांचा हात खिशाकडे जायचा नाही. या चिकटपणावरून मी किती भांडले असेन!

आज हे दुकानाबाहेर स्टुलावर बसले होते. केमोनंतर शर्ट खांद्यावरून घसरायला लागला होता. डॉक्टर सकाळी माझ्याशी एकटीशी बोलले होते. यांना मी त्यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

"अगं, दोन लहान घे," हे तिथूनच म्हणाले.

"अहो, मोठा स्वस्त पडतो. एकशे साठ रुपये वाचतात."

"मोठा एकदा उघडला की उरलेला वाया जाईल. लहान घेतले तर दुसरा परत करता येईल तुला." मग भाजीचा भाव विचारावा तसं मेडिकलवाल्याला विचारलं, "परत घेता ना हो?"

"घेतो की काका. फक्त सील फोडू नका."

मी दोन लहान डबे घेतले. पैसे दिले आणि तिथेच काउंटरवर दोन्हींची सीलं टराटरा फाडली.

"अगं, हे काय केलंस!"

"आता दोन्ही संपवायचे," मी म्हटलं. "एक चमचासुद्धा वाया गेलेला चालणार नाही मला."