सतरा धक्के

अकराव्या धक्क्यालाही पडद्यावरचं हृदय चुकलं नाही. जरासं थरथरलं आणि पुन्हा आपल्या तालात धडधडू लागलं.

“हे खरंच माझं?” शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने विचारलं.

“तुमचंच, काका. तुमच्या स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब उभं केलंय,” इंजिनियर मुलगी म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पाचवं हृदय होतं. डोळे चोळत तिने पडद्यावरच्या करड्या डागावर बोट ठेवलं. “हार्ट अटॅकच्या झटक्यात एवढा भाग मेला. धोका असतो तो याच्या कडेला. म्हणून सतरा ठिकाणी धक्का देऊन बघायचं. एकदा जरी ठोके बिघडले आणि सावरले नाहीत, तरी बस बंद. सतराही पार पडले, तर सोमवारी कामावर.”

“द्या की मग जोरात!” ड्रायव्हरची बायको म्हणाली. “सात महिने झाले, घरी सोफ्यावर बसून ब्रेक मारतायत. मी गणवेशसुद्धा इस्त्री करून ठेवलाय.”

मुलगी दमल्यासारखी हसली. ड्रायव्हर हसला नाही.

बारा. तेरा. चौदा. तो खुर्चीच्या टोकावर आला. सोळाव्याला ठोके अडखळले. त्याने श्वास रोखला. ठोके सावरले. सतरावा धक्काही हृदयाने सहज झेलला.

“पास!” मुलीने दाखला छापायला टाकला.

“ऐकलंत का? उठा आता,” बायको म्हणाली.

तो उठला नाही. “मॅडम, पुन्हा एकदा करा.”

“काका, उत्तर तेच येणार.”

“करा हो.”

तिने उसासा टाकून पुन्हा सतरा धक्के दिले. हृदय पुन्हा पास झालं.

“अजून एकदा?” त्याने विचारलं.

“अहो, काय चाललंय तुमचं? त्यांना बाकीची कामं नाहीत का?” बायको खेकसली.

मुलीने खुर्ची त्याच्याकडे वळवली. “काका, हृदय भक्कम आहे तुमचं. मग अडतंय कुठे?”

त्याने पडद्याकडे बघितलं. बायकोकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

“झटका आला त्या दिवशी बसमध्ये मागे चाळीस पोरं होती,” तो म्हणाला. “पडद्यावरचं हे आज बिघडलं असतं, तर हिला नुसता कागद दाखवून भागलं असतं. आता तोंडाने सांगावं लागतंय, मला स्टिअरिंगची भीती वाटते.”