नमुन्याच्या बारा नोंदी

रुग्णालयाचा डेटाबेस अजून हाती आला नव्हता, म्हणून प्रोग्रामर मुलीने जावा या संगणकभाषेतच रुग्णांच्या बारा नमुना-नोंदी लिहिल्या आणि त्यांची यादी थेट रिपोर्टला जोडली. जखमांचा तक्ता स्क्रीनवर आला. मोडलेली डावी बरगडी, डाव्या कानाचा फाटलेला पडदा, डाव्या गालावर पट्ट्याचा वळ.

अपघात विभागाच्या डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. "ही माहिती कुठून आणलीस?"

"मनानेच भरली, मॅडम. नमुना म्हणून."

"मनाने भरलेल्या जखमा दोन्ही अंगांना असतात. हा सगळा मार डावीकडे आहे. समोरून, उजव्या हाताने मारलेला." त्यांनी उठून दार लावून घेतलं. "एवढंच आहे का सगळं?"

तिने तक्ता शेवटच्या नोंदीपर्यंत खाली सरकवला.

"कालचं अजून टाकलेलं नाही."