फोटो नसेल तर

“फोटो नाही ना? मग आवाज काढा,” शिंपीणबाई म्हणाल्या, आणि दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये जमलेल्या पक्षीनिरीक्षकांच्या माना भाऊंकडे वळल्या.

बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. पण नियम तो नियम, आणि तो त्यांनीच घातलेला. जिल्ह्याच्या यादीत नवा पक्षी चढवायचा तर फोटो हवा. फोटो नसेल तर पाहणाऱ्याने सगळ्यांसमोर त्याचा आवाज काढून दाखवायचा. गेल्या वसंतात मास्तरांनी घुबड काढलं, तेव्हा चुकून सुट्टीच्या दिवशी आलेला एक पेशंट दुखती दाढ घेऊन तसाच पळाला होता.

भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मांडीवर नातीची पुसायची पाटी. जन्मभर त्यांनी बसस्थानकावर घोषणा केल्या. माईक बंद पडला तरी त्यांचा आवाज शेवटच्या फलाटापर्यंत पोचायचा, म्हणून या मंडळींत ते भोंगाभाऊ. हिवाळ्याच्या तोंडावर घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला नाही, पण जो उरला तो त्यांना स्वतःलाच ऐकवेना. तेव्हापासून ते पाटीवर लिहीत. मंडळींनीही, न ठरवता, त्यांच्या नावातला भोंगा काढून टाकला होता.

पाटीवर लिहिलं होतं, ‘थोरला बोरू वटवट्या. जुनं तळं. आज सकाळी.’

चिमणीहून जरासा मोठा, मातकट पक्षी. तळ्याकाठच्या उंच बोरूच्या दाटीत शिरला की शेपूटसुद्धा दाखवत नाही. ओळखायचा तो आवाजावरूनच. जिल्ह्यात आजवर कुणाला तो मिळाला नव्हता, आणि वसंताची यादी आज बंद व्हायची होती.

भाऊंनी पाटी पुसली. लिहिलं, ‘राहू दे. नका घेऊ.’

“राहू दे काय?” त्यांची बायको उसळली. “उजाडल्यापासून चिखलात उभे होते हे. घरी आले ते नाचतच. चपला सोफ्यावर आणि पिशवी मोरीत! थांबा, मी काढते आवाज.”

“तुम्ही ऐकलात का, वहिनी?” डॉक्टरांनी विचारलं.

“ऐकला नाही. पण यांनी हातवारे करून नीट समजावलाय.”

तिने पदर सावरला, ओठांचा चंबू केला आणि डोळे मोठे करून काहीतरी काढलं. डॉक्टर खिडकीकडे तोंड फिरवून उभे राहिले. मास्तर म्हणाले, “वहिनी, हा पक्षी नव्हे. हा कुकर आहे. शिट्टी व्हायच्या आधीचा.”

खोलीत हशा फुटला. भाऊही हसले, आणि हसता हसता घशातून एक खरबरीत आवाज बाहेर पडला. त्यांनी झटकन तोंडावर हात ठेवला.

शिंपीणबाईंचं हसणं तेवढं थांबलं. त्यांनी कान टवकारले होते.

“परजिल्ह्यात माझं माहेर. तिथं तळं होतं,” त्या म्हणाल्या. “वसंतात या पक्ष्याने झोपू म्हणून दिलं नाही. गोड नसतो हो त्याचा आवाज, भाऊ. खोटं काही मी यादीत चढू देणार नाही, आणि तुमचं आहे म्हणून नियम सोडणारही नाही. काढा.”

माप घेताना ‘हात वर करा’ म्हणतात, तसं म्हणाल्या.

भाऊ पाटीकडे बघत राहिले. सकाळचं एक त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तळ्याकाठी ते उभे होते, आणि एवढासा जीव बोरूच्या टोकावर चढून बसला. घशात खडे भरल्यासारखा आवाज. पण चोच अशी उघडी, की आतला शेंदरी रंग दिसावा. कुणी ऐकतंय का, कसं ऐकतंय, याची त्याला काही फिकीर नव्हती.

त्यांनी पाटी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. उठले. घोषणा करतानाच्या जुन्या सवयीने एक हात कानाशी नेला.

“कर्र-कर्र-कर्र! क्रीक-क्रीक! गर्र-कर्र... क्रीक!”

शेवटी आवाज फाटला. तोही तसाच हवा होता.

कुणी हसलं नाही. शिंपीणबाईंचे डोळे मिटलेले होते. “पुन्हा,” त्या म्हणाल्या.

भाऊंनी पुन्हा काढला.

“अजून एकदा.”

“अहो बाई, आता मलासुद्धा पाठ झाला,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, जरा गप्प बसा. मी माहेरी आहे.”

तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी डोळे उघडले, पदराच्या टोकाने पुसले, अंबाड्यात खोचलेलं पेन काढलं. खुर्चीवर चढून, भिंतीवरच्या यादीत, दात घासायच्या चित्राला खेटून उरलेल्या जागेत त्यांनी पक्ष्याचं नाव लिहिलं.

चहा झाला, पांगापांग झाली. भाऊ आणि त्यांची बायको रस्त्याला लागले, तोच वर दवाखान्याच्या खिडकीतून मास्तरांनी हाक मारली.

“भोंगाभाऊ! अहो, पाटी राहिली तुमची!”

नाव ऐकून बायको जागीच थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

भाऊ वळले. हात कानाशी गेला.

“राहू दे तिथंच!”

सायकलवाल्याने मान वळवली. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघू लागली. आणि तारेवर ओळीने बसलेले भिंगरी पक्षी एका दमात भुर्रकन उडाले.

मास्तरांच्या खांद्यावरून शिंपीणबाईंचं डोकं वर आलं.

“अहो भोंगाभाऊ, त्यांना मोजत होते ना मी!”