गारवा जातो कुठं

"बावीसवर लावलाय, तरी घाम निघायलाय," श्रीदेवीबाई म्हणाल्या. "रविवारच्या आत नीट झाला पाहिजे मिस्त्री. पाहुणे येणार हायत."

शंभुलिंगनं शिडी भिंतीला लावली. अणदूरची कामं एरवी त्याच्या दुकानातला दुसरा मिस्त्री करायचा. आज नळदुर्गाहून मालक स्वतः आला, याचं श्रीदेवीबाईंना बरं वाटलं होतं.

"कसले पाहुणे?" एसीचं झाकण उघडत त्यानं सहज विचारलं.

श्रीदेवीबाईंना तेवढं पुरे झालं. त्यांचा शिवराज दूध डेअरीत नोकरीला. तेहतीस वर्षांचा झाला, अजून लग्न नाही. दोन स्थळांची माणसं घर बघून गेली आणि पुन्हा फोनसुद्धा केला नाही. आता जळकोटची मुलगी सांगून आली होती, बँकेत कामाला. मध्यस्थ अण्णारावांनी फोटो इकडून तिकडं पोचवले, तेवढंच. माणसांनी अजून माणसं बघितली नव्हती. रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार होते.

"हे बी मोडलं तर पोरगं तसंच ऱ्हातंय बघा," त्या म्हणाल्या. पोराच्या काळजीनं बाईंची झोप उडाली होती.

शंभुलिंगनं जाळी काढली. ती स्वच्छ होती. गच्चीवर जाऊन बाहेरचं युनिट बघितलं, तेही स्वच्छ. गॅसचं प्रेशर जिथल्या तिथं. एसीच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर बारा, आणि हॉलच्या मध्यावर तीस.

"मशीनला काय झालं न्हाय," तो म्हणाला. "गारवा निघायलाय. पण हितं थांबंना. जातोय कुठं?"

"तेच तुमाला बोलावून इचारायलेय की."

असलं कोडं पडलं की शंभुलिंगला जेवण सुचत नसे. मिशीवरून हात फिरवत तो हॉलभर फिरला. खिडक्या बंद, दार बंद. मग त्यानं उदबत्ती मागितली. देवघरातली उदबत्ती एसीखाली लावून तो शांत उभा राहिला. धूर आधी खाली आला, घुटमळला आणि सरळ समोरच्या भिंतीकडं निघाला. तिथं नवाकोरा फुलाफुलांचा पडदा होता. त्याच्यामागं धूर गुडुप झाला.

भिंतीला दार नाही, खिडकी नाही, मग पडदा कशाला? त्यानं श्रीदेवीबाईंकडं बघितलं. त्यांना नेमकी तेव्हाच चहाची आठवण झाली.

त्यानं पडदा सारला. भिंतीत ताटाएवढं भोक होतं. त्यात बसवलेला लहानसा पंखा इकडची गार हवा पलीकडं ढकलत होता. पलीकडच्या खोलीत खाटेवर एक म्हातारी पडली होती. तिनं डोळे तेवढे त्याच्याकडं वळवले.

"नणंद हाय माझी, रुद्रम्मा," मागून आवाज आला. श्रीदेवीबाई चहा न करताच परतल्या होत्या. "तीन वर्षं झाली लकवा मारून. बोलता येत न्हाय. शिवराजनं सोताच्या हातानं छिन्नी घिऊन भोक पाडलंय हे."

"मग एसीच त्यांच्या खोलीत लावायचा की."

"तिथं कोण बघतंय त्याला? हॉलमधी दिसतो तरी!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "फळी मारून बुजवा तेवढं. वरून रंग देते मी. शनिवारी हिला उमरग्याला धाडते भाच्याकडं. चार दिवसांचाच सवाल हाय."

"पोरीकडच्यांना सांगितलंय का, घरात आजारी माणूस हाय म्हणून?"

"आधीच्या दोघांना सांगितलं, म्हणून तर गेले! आल्या आल्या सुनंला म्हातारीचं करावं लागंल म्हणले." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्या काय वाईट हाय का हो? पण पोराकडं बी बघावंच लागतंय न्हवं?"

शंभुलिंगनं पंखा बंद केला, फळी मापात कापली आणि स्क्रू काढून ठेवले.

एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. शिवराज आला तो चप्पल काढून थेट मागच्या खोलीत गेला. भोकातून सगळं ऐकू येत होतं. तांब्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. "आत्या, कूस बदलू?" "पंखा का बंद हाय? गरम व्हायलंय का लई?" बऱ्याच वेळानं तो हात पुसत हॉलमध्ये आला. फळी बघून थबकला.

"हे कशाला?"

"आईंनी सांगितलंय."

"न्हाय बुजवायचं."

"रविवारी पाहुणे येणार हायत म्हणं."

"येऊ द्या की. आत्या आपल्या जागेवर असंल. पाहुण्यांना उकडलं तर टेबलफॅन लावतो."

"असंच बोलत ऱ्हा," श्रीदेवीबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. "ऱ्हा जल्मभर बिनलग्नाचा!"

"ऱ्हातो," शिवराज म्हणाला आणि जेवायला बसला. त्याला राग आलेला दिसत नव्हता, लाजही वाटलेली दिसत नव्हती.

शंभुलिंगनं फळी बाजूला ठेवली. पंख्याला रेग्युलेटर जोडून त्याचा वेग निम्म्यावर आणला आणि अर्धा तास दोन्ही खोल्यांत थर्मामीटर घेऊन येरझाऱ्या घातल्या. हॉल सव्वीसवर आला, म्हातारीची खोली सत्तावीसवर. मग हत्यारं गोळा करून तो निघून गेला.

चारच्या सुमाराला अण्णारावांचा फोन आला.

"वैनी, रविवारी जळकोटचे येत न्हायत."

श्रीदेवीबाईंनी फोन कानापासून दूर केला. "झालं तुझं समाधान?" त्या आतल्या शिवराजवर ओरडल्या. "गेलं हे बी! आता बस आत्याच्या उशाला!"

"अवो, ऐका तर पुढचं," अण्णाराव फोनवरून म्हणत होते. "त्यांना पसंत हाय. तारीख काढा म्हणायलेत. घर बघून झालंय म्हणं."

"बघून झालं? कवा? कोण आलतं?"

"पोरीचा मामा. दुपारी तुमचा एसी नीट करून गेला की!"