परतीची खिडकी

डोळ्यांसमोर आणा बरं, कर्जतमधला एक हॉल, मधोमध टेबल आणि टेबलावर पुठ्ठ्याची इमारत. शहरातले जुने कपडे जिथे गोळा होतील आणि त्यांच्या गोधड्या, पिशव्या शिवल्या जातील, त्या केंद्राचा हा नमुना. तो हर्षलाताईंनी केलाय. इमारतींचे आराखडे काढणं हे त्यांचं कामच. आज लोकांनी नमुना बघून सूचना करायच्या आहेत.

आता टेबलाशी टाचा उंचावून उभी असलेली भाविका बघा. कशेळ्याहून वडिलांबरोबर जीपने आली आहे. हातात स्टीलचा नवा डबा. तिच्या आजोबांचा निळा स्वेटर देऊन आईने तो बोहारणीकडून घेतला, तेव्हा भाविका शाळेत होती. आजोबा आता नाहीत. बोहारणींचे कपडेही या केंद्रातच येणार, असं तिने ऐकलंय. डबा द्यायचा आणि स्वेटर घ्यायचा, हे तिचं ठरलंय.

"कपडे या फटीतून आत पडतात," हर्षलाताई सांगत होत्या. "इथे निवडतात, इथे कापतात, इथे शिवतात."

"आणि चुकून दिलेला कपडा कुठनं परत मागायचा?" भाविकाने विचारलं.

मागे कोणीतरी हसलं. "अगं, जुनेर ते! मागायला कोण येतंय?"

"मी आलेय ना."

तिचे वडील रोहिदास ओशाळले. "चल गं, जीप जाईल."

"जाऊ दे. ताई, परत मागायला भिंतीत जागा हाय का नाय?"

हर्षलाताई नमुन्याभोवती एक फेरी मारून आल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "पण कापण्याआधी कपडे एक दिवस ठेवता येतील."

"आठ दिवस. वरच्या वाडीतली माणसं आठवड्याच्या बाजारालाच खाली येतात."

"मग खोली मोठी लागेल. ही आतली भिंत सरकवावी लागेल."

"सरकवा."

पुन्हा हशा पिकला. हर्षलाताई हसल्या नाहीत. त्यांनी आतली भिंत उपटून पुढे रोवली, मग कटर उघडला.

"खिडकी किती उंच हवी?"

"माझा हात पोचंल एवढी."

बाहेरच्या भिंतीतून पुठ्ठ्याचा छोटा चौकोन टेबलावर पडला. भाविकाने मान पुढे करून खिडकीतून आत पाहिलं. रोहिदास दारातून हाका मारत होते.

आणि मग तिने काय केलं? डबा पदराने पुसतात तसा फ्रॉकला पुसला आणि पुठ्ठ्याच्या रस्त्यावर, नव्या खिडकीसमोर, रांगेत पहिला ठेवला.