लाटा, कोण आलंय?

घेऊन जाण्याआधी सुलेखाने वडिलांच्या खोलीतला कॉम्प्युटर एकदा चालू करून पाहिला. प्रतापराव गेल्याला महिना झाला होता. ती काम करायची त्या हॉस्पिटलात अर्धांगवायूचा दुसरा एक पेशंट या यंत्राची वाट पाहत होता.

फ्लॉपी खरखरली. बटण दाबलं की बोलायचा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा, ही सोय तिनेच केली होती. वाचा गेलेल्या बाबांचं फक्त एक बोट हलायचं. यंत्र आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, मग पडद्यावर अक्षरं मांडून त्या बोटाची वाट पाहायचं आणि त्याने निवडलेलं मोठ्याने बोलायचं.

आज ते ‘गुड मॉर्निंग’ म्हणालं नाही.

“लाटा, कोण आलंय?” पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, अमेरिकन वळणाचा आवाज.

“सुलेखा आलीये हो!” स्वयंपाकघरातून लताबाई म्हणाल्या.

सुलेखा दारात जाऊन उभी राहिली. “आई, व्हॉट वॉज दॅट?”

“रोज विचारतात. सकाळी मी चालू करते ना.”

“बट आय डिडन्ट डू दॅट.”

तिने सुरुवातीच्या सूचनांची फाइल उघडली. ‘गुड मॉर्निंग’च्या जागी रोमन अक्षरांत तोच प्रश्न होता; ‘Lata’चं ‘लाटा’ यंत्राने केलं होतं. फाइलवरची तारीख बाबा जाण्याच्या आदल्या आठवड्यातली. म्हणजे त्यांनीच, एका बोटाने, एकेक अक्षर निवडून... तिचा जीव भांड्यात पडला. पडद्यावरच्या त्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं. तरी तिने ती ओळ पुसून टाकली.

“आय टुक इट आउट, आई. मशीनला किती दिवस आन्सर करणार?”

लताबाई ओले हात घेऊन तशाच आल्या. “काढलंस? अगं, उत्तर दिलं नाही की ते पुन्हा विचारतात.”

“इट कान्ट. सुरू होताना एकदाच बोलतं ते.”

तिने यंत्र बंद करून परत चालू केलं. फ्लॉपी खरखरली, अक्षरं उमटली. आवाज नाही.

“सी?” ती म्हणाली आणि प्लग काढायला वाकली.

“लाटा,” यंत्र म्हणालं, “कोण आलंय?”

आत कढईत फोडणी करपत होती.

सुलेखाने प्लगवरचा हात काढून घेतला.

“मी आलेय, बाबा.”